नटबोल्ट नाही, मग काय आहे ते तरी बघा

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर हावडा ब्रिजचा तो फोटो परत आला. संध्याकाळचा, नारिंगी आभाळ, आणि खाली तोच मजकूर की या पुलात एकही नटबोल्ट नाही, नदीत एकही खांब नाही, आणि आजच्या इंजिनिअरांनाही कळत नाही हा उभा कसा आहे. दर चार-सहा महिन्यांनी हा मेसेज फिरून येतो आणि दरवेळी मला आतून लागतं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी साफ खोटी आहे, आणि ज्यांनी तो पूल हातांनी जोडला ती माणसं त्या एका वाक्यात पुसली जातात. आज सविस्तर लिहिते, लांब होईल, सवडीने वाचा.

माझे बाबा रिव्हेटर होते. रिव्हेट म्हणजे एका बाजूला डोकं असलेला जाड पोलादी खिळा, दोन प्लेटी जोडायला वापरतात तो. पुलांचे गर्डर, म्हणजे मोठ्या पोलादी तुळया, बनवणाऱ्या एका वर्कशॉपात त्यांची सगळी नोकरी गेली. लहानपणी शाळेत वडिलांचं काम विचारलं की मी सांगायचे "रिव्हेट मारतात" आणि बाईंना ते नीट कळायचं नाही, मग "रेल्वेचे पूल बनवतात" म्हटलं की कळायचं. चौघांची टोळी असायची. एक जण भट्टीवर रिव्हेट तापवायचा, लाल झाला की सांडशीने उचलून फेकायचा, दुसरा डब्यात झेलून तो भोकात घालायचा, तिसरा मागून डॉली लावून, म्हणजे जड लोखंडी ठोकळा लावून, अंगाचा सगळा जोर देऊन उभा, आणि पुढून बाबा हवेच्या हॅमरने त्याचं दुसरं डोकं बसवायचे. काही सेकंदांत हे सगळं झालं पाहिजे, कारण रिव्हेट गार झाला की मेला. आणि गार होताना तो आखडतो, ही खरी गोम आहे, आखडताना दोन्ही प्लेटी अशा आवळून धरतो की मध्ये कागद जाणार नाही. बोल्ट आपण पाना फिरवून आवळतो, रिव्हेट स्वतःच आवळतो.

तर नटबोल्ट नाही यात गूढ काहीच नाही हो. त्या काळात मोठे पोलादी पूल असेच जोडायचे. आज जे हाय-स्ट्रेंथ बोल्ट वापरतात ते दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले. स्कॉटलंडचा फोर्थ ब्रिज (१८९०) रिव्हेटचा, सिडनीचा हार्बर ब्रिज (१९३२) रिव्हेटचा, आयफेल टॉवर तर २५ लाख रिव्हेटांवर उभा आहे. हावड्याचा पूलही त्याच घराण्यातला. इंजिनिअरांना तो कसा उभा आहे हे आज कळतं आणि तेव्हाही पक्कं कळत होतं, एकेका तुकड्याचं वजन आणि ताण कागदावर मांडूनच तो बांधला.

बाबांना तो पूल दाखवायचा माझा जुना हट्ट होता. दहा-बारा वर्षांपूर्वी भावाची पोस्टिंग कोलकात्याला होती तेव्हा जमलं. संध्याकाळी नागपूरहून गीतांजलीत बसलो, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. स्टेशनच्या बाहेर पडलं की तो समोरच असतो, त्याला शोधावं लागत नाही. टॅक्सीवाले ओरडतायत, डोक्यावर टोपल्या घेऊन मुटे, म्हणजे तिथले हमाल, पळतायत, बसचे कंडक्टर दारावर थापा मारतायत, आणि त्या सगळ्याच्या वर ते करड्या-रुपेरी पोलादाचं जाळं. बाबा जागेवर थांबले. मी म्हटलं चला ना बाबा, तर म्हणाले, "थांब ना बाई, पाहू दे." आमचं गाव वरोरा, बाबा शेवटपर्यंत तसंच बोलायचे.

त्या पुलाच्या आधी तिथे तरंगता पूल होता हे मला भावाकडून कळलं. १८७४ सालचा, सर ब्रॅडफर्ड लेस्ली नावाच्या इंजिनिअरने केलेला. पाण्यावर पोकळ तराफे, त्यांवर लाकडी रस्ता, १५२८ फूट लांब आणि ६२ फूट रुंद. बांधकाम चालू असतानाच वादळात एक आगबोट दोर तोडून येऊन त्यावर आदळली आणि जवळजवळ २०० फूट पूल गेला, तरी त्याच वर्षी दुरुस्त करून सुरू केला. मोठ्या बोटी जायच्या असल्या की मधला २०० फुटांचा भाग सोडवून बाजूला करायचे, तेवढा वेळ इकडची माणसं इकडे आणि तिकडची तिकडे. शहर वाढत गेलं, हावडा स्टेशन वाढत गेलं, पण कामचलाऊ म्हणून केलेला तो तराफ्यांचा पूल जवळजवळ ७० वर्षं वापरला. नव्या पुलासाठी कमिट्यांवर कमिट्या झाल्या, राजेंद्रनाथ मुखर्जींची झाली, मग १९२६ मध्ये कायदा झाला, मग १९३० मध्ये आणखी एक कमिटी. त्यात बरीच वर्षं गेली, त्यावर जास्त लिहीत नाही.

मुख्य अडचण होती नदी. हुगळीला भरती-ओहोटी येते, गाळ प्रचंड, आणि कलकत्ता बंदरात जाणाऱ्या बोटींना वाट हवी. नदीत खांब उभे केले की पाणी अडतं, गाळ साचतो, वाट बुजते. म्हणून ठरलं की खांब नदीत नकोतच, जे काय असेल ते काठावर. लंडनच्या रेंडेल, पामर अँड ट्रिटन कंपनीने डिझाइन केलं ते कँटिलिव्हर पद्धतीचं, मधलं अंतर १५०० फूट. त्या वेळी या प्रकारात जगात त्याच्यापेक्षा मोठे दोनच पूल होते, कॅनडातला क्वेबेकचा आणि तो फोर्थचा. आणि क्वेबेकचा पूल बांधताना एकदा नाही दोनदा कोसळला होता, १९०७ मध्ये ७५ कामगार गेले, १९१६ मध्ये आणखी १३. पहिल्या वेळी पुलाचं स्वतःचं वजनच कमी धरलं होतं. हावड्याचं डिझाइन करणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसेल असं होऊच शकत नाही.

कँटिलिव्हर म्हणजे काय हे मला इंजिनिअर भावाने तीनदा समजावलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. बाबांनी फुटपाथवर उभं राहून एका मिनिटात सांगितलं. म्हणाले कावड पाहिली ना, खांद्यावर बांबू, दोन्हीकडे ओझं. टॉवर म्हणजे खांदा. कावडीचं एक टोक जमिनीकडे, ते खाली घट्ट बांधून टाकलं, दुसरं टोक नदीवर पुढे काढलं. पलीकडच्या काठावर असाच दुसरा कावडवाला. दोघांची टोकं नदीवर समोरासमोर आली पण भिडली नाहीत, मग मधे राहिलेल्या जागेत एक शिडी दोन्ही टोकांना टांगून दिली. झाला पूल. आकडे सांगते म्हणजे चित्र नीट दिसेल: जमिनीकडची बाजू ३२५ फूट, नदीवर पुढे आलेली बाजू प्रत्येकी ४६८ फूट, आणि मधली टांगलेली शिडी ५६४ फूट. टॉवर २८० फूट उंच. रस्ता या सगळ्याच्या खाली लोंबतोय, ३९ जोड्या हँगर, म्हणजे वरून सोडलेले पोलादी दांडे, आहेत, त्यांना धरून. ७१ फुटांचा रस्ता आणि दोन्हीकडे १५-१५ फुटांचे फुटपाथ. मधली शिडी जिथे टांगली तिथे दोन्हीकडे सांधे ठेवलेत, उन्हात पोलाद वाढतं त्याला जागा हवी म्हणून.

पण मला त्या पुलाचा सगळ्यात विलक्षण भाग दिसतो तो जमिनीखालचा, जो कोणत्याच फोटोत येत नाही. टॉवरखाली दोन कॅसन आहेत, म्हणजे तळ नसलेल्या अवाढव्य पेट्या, एकेक १८१ फूट लांब आणि ८१ फूट रुंद. त्यात २१ चौकोनी विहिरी. विहिरीतून चिखल काढत जायचा आणि पेटी स्वतःच्या वजनाने खाली सरकत जाते. रात्रंदिवस काम, दिवसाला फूटभर किंवा थोडं जास्त. कलकत्त्याच्या बाजूला १०३ फूट, हावड्याच्या बाजूला सुमारे ८७ फूट, तेव्हा कुठे घट्ट पिवळी चिकणमाती लागली. एका रात्री चिखल काढताना खालची जमीन एकदम बसली आणि ती आख्खी पेटी धाडकन दोन फूट खाली गेली. कलकत्त्यातल्याच खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्याची भूकंप म्हणून नोंद झाली, काठावरचं एक देऊळ पडलं, ते नंतर परत बांधून दिलं. चिखलात काय काय सापडलं माहितीये? जहाजांचे नांगर, तोफा, तोफगोळे, पितळेची भांडी, कंपनी सरकारच्या काळातली नाणी. आणि शेवटच्या टप्प्यात, पाणी आत येऊ नये म्हणून दाबाची हवा भरून, त्या कोंडलेल्या दाबात सुमारे ५०० माणसं खाली उतरून काम करायची. ही पाचशे माणसं कोण होती? कुठल्या गावची? कमिटीच्या मेंबरांची नावं आपल्याला मिळतात, डिझाइन करणाऱ्यांची मिळतात, ठेकेदार क्लीव्हलँड ब्रिज कंपनीचं मिळतं, ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या ज्या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन पोलादाचं काम केलं त्यांचं मिळतं. या पाचशेंपैकी एकाचंही नाव मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही.

आता पोलादाबद्दल, कारण इथे आमच्या चंद्रपूरचा संबंध येतो आणि तो आमच्याकडच्याच पुष्कळांना माहीत नसतो. पुलाला २६,५०० टन पोलाद लागलं. त्यातलं २३,००० टन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याचं, त्यात टिस्क्रोम नावाचं त्यांनी इथेच तयार केलेलं जास्त ताण सोसणारं पोलादही होतं. युद्धामुळे इंग्लंडहून माल येणं अवघड झालं होतं. आणि टाटांचं हे पोलादाचं स्वप्न सुरू कुठून झालं, तर आमच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातून! जमशेटजींची एम्प्रेस मिल नागपूरला १८७७ पासून चालू होती, १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा रिपोर्ट त्यांच्या वाचण्यात आला की चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोखंड आहे आणि वरोऱ्याला कोळसा. त्यांनी कोळसा तपासून घेतला, तो लोखंड गाळायला चालेना. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि त्यांचे तज्ज्ञ परत चांद्याच्या जंगलात हिंडले, तिथे जमेना म्हणून निरोप सांगायला नागपूरला आले आणि तिथल्या म्युझियममध्ये दुर्गच्या लोखंडाचा नकाशा नजरेला पडला. तिथून पुढे भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोसांचं मयूरभंजच्या लोखंडाबद्दलचं पत्र, मग साकची म्हणजे आजचं जमशेदपूर, १९०७ मध्ये कंपनी आणि १९१२ मध्ये पहिलं पोलाद. कारखाना आमच्याकडे झाला नाही. पण बाबांना मी हे गाडीत सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे आपल्या वरोऱ्याच्या कोळशापासून सुरू झालं हे." जरा ताणून म्हटलं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

दोन्ही काठांवरून बांधत बांधत नदीवर पुढे यायचं, वरच्या कडेवर सरकणाऱ्या क्रेन आणि खाली काही आधार नाही, असं काम. १९४१ च्या मध्यात दोन्ही हात पुढे आले, डिसेंबरमध्ये मधल्या शिडीचे दोन अर्धे तुकडे, प्रत्येकी २८२ फूट आणि २००० टन, आणि मग ८०० टनी १६ हायड्रॉलिक जॅक लावून ते जुळवले. हजारो टनांची दोन पोलादी टोकं नदीच्या मधोमध हवेत भोकाला भोक लावून जुळवायची! बाबांना हे वाचून दाखवलं तर त्यांनी एकच विचारलं, "भोकं आधीच पाडली होती का तिथं पाडली?" मला सांगता आलं नाही. त्यांच्या धंद्यात सगळं त्या भोकावर असायचं, भोक अर्धा सूत हललं तरी रिव्हेट तिरका बसतो.

पूल ३ फेब्रुवारी १९४३ ला सुरू झाला. खर्च अडीच कोटी रुपये. जपानी विमानांनी दीड महिना आधी, डिसेंबरमध्ये, कलकत्त्यावर बॉम्ब टाकले होते, त्यामुळे समारंभ नाही, भाषण नाही, फीत नाही. रात्री एक एकटी ट्राम त्यावरून गेली आणि पूल चालू झाला. मला हा प्रसंग फार आवडतो. १९४६ मध्ये मोजणी केली तेव्हा दिवसाला २७,४०० वाहनं, १,२१,१०० पायी माणसं आणि २,९९७ जनावरं जायची. ती जनावरं कोणीतरी एकेक करून मोजली असणार. १९६५ मध्ये पुलाला रवींद्र सेतू नाव दिलं, तोंडात मात्र सगळ्यांच्या हावडा ब्रिजच. ट्राम १९९३ मध्ये बंद झाली. आज रोज लाखभर गाड्या आणि त्याहून जास्त माणसं चालत जातात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. आम्ही फुटपाथवरून चालत होतो, मलिक घाटाच्या फुलबाजाराच्या बाजूला, तर हँगरच्या बुडाशी फायबरची आवरणं लावलेली दिसली. बाबांनी विचारलं हे कशाला. भावाने सांगितलं, पानाच्या पिचकाऱ्यांमुळे. माणसं जाता जाता हँगरच्या बुडाशी थुंकतात, त्यातला चुना आणि बाकीचं रसायन पोलाद खातं. पुलाची देखभाल कोलकाता बंदराकडे आहे, त्यांच्या इंजिनिअरांनी तपासलं तेव्हा हँगरच्या बुडाचं संरक्षण करणारी पोलादी आवरणं ६ मिलिमीटरची ३ मिलिमीटर झाली होती, आणि हे चार वर्षांच्या आत. म्हणून धुता येतील अशी फायबरची लावली. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच, ती साफ करायला वेगळी माणसं लावावी लागतात. रंगाला २६,००० लिटर लागतात, अॅल्युमिनियम पेंटचे दोन हात, त्याच्या आधी प्रायमर. २००५ मध्ये एक मालवाहू बोट भरतीच्या वेळी खालून जाताना अडकली, तिच्या धुराड्याने खालचे गर्डर ओरबाडले, तेही दुरुस्त केले.

बाबांना खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीची, सवय होती, आमच्याकडे कोणाला नाही. त्या दिवशी पुलावर पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत त्यांनी पुडी खिशातून काढली नाही. मी काही बोलले नव्हते.

मला हे सांगायचंय की पूल उभा आहे तो गूढ विद्येमुळे नाही. तो उभा आहे कारण कोणीतरी दर काही वर्षांनी दोरीवर लटकून घासतो, रंगवतो, कोणीतरी आवरणं मोजतो, ३ मिलिमीटर झाली तर वर लेखी कळवतो आणि त्या कळवण्यावर कोणीतरी पैसे खर्च करतो. ८० वर्षं झाली. आणि आपल्याकडे? गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार माणसं गेली, कितीतरी जखमी. तीस वर्षांच्या आसपासचा पूल होता, धोकादायक आहे हे माहीत होतं. गंज एका रात्रीत चढत नाही. ती बातमी टीव्हीवर चालू असताना त्याच दिवशी ग्रुपवर कोणीतरी हावड्याचा फोटो टाकला होता, आजच्या इंजिनिअरांना कळत नाही म्हणून. कळतं सगळं! नवा पूल बांधायला निधी मिळतो, फीत कापायला माणसं येतात, जुन्या पुलाचा गंज खरवडायला निधी मागितला की फाइल बसून राहते. मला राग येतो याचा, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

बाबांना उतारवयात ऐकू फार कमी यायचं. आयुष्यभर हॅमरच्या आवाजात उभं राहिल्यावर कानांचं काय होणार. रिव्हेट ढिला आहे का हे तपासायची जुनी रीत अशी की छोट्या हातोडीने ठोकायचं, पक्का असला तर खणखणीत वाजतो, ढिला असला तर बद्द. कान गेल्यावर बाबा दुसऱ्या रीतीने करायचे, एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने टिचकी मारायची, ढिला रिव्हेट बोटाखाली थरथरतो. शेवटची पाचेक वर्षं नोकरी त्यांनी बोटांवर केली.

त्या दिवशी पुलाच्या मध्यावर ते थांबले. पाठीमागून माणसं धक्के देत जात होती, ट्रक गेला की फुटपाथ हलत होता, मला भीती वाटत होती. त्यांनी कठड्याजवळच्या एका खांबावर, रंगाच्या थरांखाली गोल दिसणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यावर बोट ठेवलं. दुसरं बोट शेजारच्यावर. मग त्याच्या शेजारच्यावर. बस गेली, ट्रक गेला, बोट तसंच. भाऊ म्हणाला बाबा चला, ऊन लागेल. ते त्यांना ऐकूच गेलं नाही. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगला मारला आहे. डॉलीवाला मजबूत होता."

डॉलीवाला. ८० वर्षांपूर्वीचा, नाव-गाव माहीत नसलेला, त्या रिव्हेटच्या मागच्या बाजूला अंगाचा जोर देऊन उभा राहिलेला कोणीतरी. त्याला पूल बघून दाद देणारा माणूस मी तरी आयुष्यात तो एकच पाहिला.

बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. तुमच्या घरात, गावात कोणी पुलांवर काम केलेलं असेल, रिव्हेटवर, वेल्डिंगवर, विहिरींच्या खोदाईत, रंगकामात, तर त्यांनी कोणता पूल केला ते विचारून ठेवा आणि खाली लिहा. नदीचं नाव लिहा, साल आठवत असेल तर साल, आणि ते तिथे नेमकं काय काम करायचे ते.